ओली भिंत, कोरडी भिंत : गिलावा आणि जिप्समफळी यांतील निवडीचा विचार

घराच्या आतील भिंतींना गिलावा करावा, की जिप्समच्या फळ्यांच्या भिंती उभाराव्यात, हा प्रश्न आता महाराष्ट्रातील शहरांतही वारंवार विचारला जातो. कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालयांच्या नव्या इमारती आणि बहुमजली घरे यांत फळ्यांच्या भिंती दिसू लागल्या आहेत. त्यांचा पुरस्कार करणारे वेगाचा व हलकेपणाचा दाखला देतात. त्यांना विरोध करणारे भिंतीवर बोटाने टकटक करून तिचा पोकळ आवाज ऐकवतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि मूळ प्रश्न ज्या शब्दांत मांडला जातो, त्या शब्दांतच एक घोटाळा दडलेला आहे, आणि तो दूर झाल्यावाचून कोणतेही उत्तर विश्वसनीय ठरणार नाही.

घोटाळा असा की, गिलावा आणि फळ्यांची भिंत या एकाच जातीच्या वस्तू नव्हेत. गिलावा हा आधीच उभ्या असलेल्या भिंतीवर चढविलेला थर आहे. फळ्यांची भिंत ही सांगाड्यासह स्वतःच भिंत आहे. अंगरखा बरा की अंग बरे, असे विचारण्यासारखाच हा प्रकार झाला. मग असा विषम प्रश्न रूढ कसा झाला? ज्या देशातून तो आला तेथे तो विषम नव्हता, हे त्याचे कारण होय. ते समजून घेण्यासाठी प्रथम शब्दांची, नंतर द्रव्यांची आणि त्यानंतर इतिहासाची तपासणी करणे सोयीचे होईल.

१. शब्दांची साक्ष

'गिलावा' हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत 'गिल' म्हणजे माती आणि 'आब' म्हणजे पाणी. या दोहोंच्या संयोगातून सिद्ध झालेल्या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात कालवलेली माती असा होतो. म्हणजे या शब्दाचा चुन्याशी किंवा सिमेंटशी मुळात काही संबंध नाही. संबंध आहे तो ओलेपणाशी. 'लिंपणे' हे क्रियापद संस्कृतातील लिप् धातूपासून आलेले असून त्यातही ओल्या हाताने माखण्याचीच क्रिया आहे. 'चुना' हा शब्द मात्र 'चूर्ण' या शब्दापासून आला. तो क्रियेचा निर्देश न करता द्रव्याच्या रूपाचा करतो.

इंग्रजीतून आलेल्या 'प्लास्टर' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून 'वर थापणे' हा त्याचा अर्थ आहे. तो प्रथम वैद्यकातील लेपासाठी वापरला गेला आणि पुढे भिंतीच्या लेपासाठी. मराठीने दोन्ही अर्थ स्वीकारले, मात्र क्रियापदे वेगळी ठेवली : मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात, भिंतीला प्लास्टर करतात. येथे एक गमतीचा विपर्यास आहे. हाताला घालतात ते प्लास्टर जिप्समचे असते. भिंतीला करतात ते बहुधा सिमेंटचे असते. नाव एक आणि द्रव्ये दोन, असे हे पहिले उदाहरण.

'कूड' या शब्दाची साक्ष याहून महत्त्वाची आहे. संस्कृत कोशांत 'कुड्य' या शब्दाला भिंत हा मुख्य अर्थ दिलेला असून लेपन असाही अर्थ नोंदलेला आढळतो. मराठीतील 'कूड' मात्र एका विशिष्ट रचनेचे नाव आहे. कारवीच्या, बांबूच्या किंवा झाडांच्या फांद्यांच्या काठ्यांचा ताटवा उभा करावयाचा आणि त्यावर शेणमाती लिंपावयाची, ही ती रचना. कोकणातील व सह्याद्रीच्या उतारावरील घरांत ती पिढ्यानपिढ्या वापरली गेली. दगडाची वा विटांची ती 'भिंत' आणि सांगाड्यावर आच्छादन चढविलेला तो 'कूड', असा भेद बोलीत स्पष्ट राहिला. हा भेद पुढील सर्व विवेचनाची गुरुकिल्ली आहे.

आता 'ड्रायवॉल' हा शब्द. त्यातील 'कोरडी' हे विशेषण भिंतीच्या गुणाचे नसून बांधण्याच्या रीतीचे आहे. पाणी कालवून थर द्यावयाचा, तो सुकण्याची वाट पाहावयाची, ही ओली रीत. तयार फळ्या आणून स्क्रूने बसवावयाच्या, ही कोरडी रीत. जर्मन भाषेत या कामाला 'ट्रोकेनबाउ', म्हणजे 'कोरडे बांधकाम', म्हणतात. तेथे संदिग्धता उरत नाही. इंग्रजी शब्दामुळे मात्र पुष्कळांचा समज असा होतो की, ही भिंत ओलीला दाद देत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ही ओलीपासून रक्षण करणारी भिंत नव्हे. ओलीपासून जिचे रक्षण करावे लागते अशी भिंत आहे.

'कोरडी भिंत' असे त्याचे शब्दशः भाषांतर करण्यात आणखी एक अडचण आहे. चुना-मातीवाचून नुसते दगड रचून केलेल्या बांधाला कोकणात 'गडगा' म्हणतात. मराठी माणसाच्या मनात 'कोरडी भिंत' या शब्दांनी उभे राहील ते गडग्याचेच चित्र.

शेवटी, बोलण्यातील 'पीओपी'. प्लास्टर ऑफ पॅरिस या नावाची ही आद्याक्षरे. पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीच्या परिसरातील जिप्समच्या खाणींवरून ते नाव पडले. आज मराठी बोलण्यात पीओपी म्हणजे भिंतीवरचा जिप्समचा गिलावा, पीओपी म्हणजे छताखाली टांगलेले खोटे छत, आणि पीओपी म्हणजे जिप्समच्या फळ्यांचे कामही. घरमालक एक अर्थ मनात धरतो, कारागीर दुसरा, आणि हिशेब होतो तो तिसऱ्याच वस्तूचा.

२. गिलाव्याचे तीन प्रकार

गिलावा घट्ट होतो तो नुसता वाळून नव्हे. मातीचा गिलावा तेवढा खऱ्या अर्थाने वाळतो आणि म्हणूनच पाण्याने पुन्हा मऊ होतो. त्याच्या तग धरण्याचे रहस्य त्यात मिसळलेल्या तंतूंत असते. अजिंठ्याची चित्रे ज्या लेपावर आहेत त्यात मातीबरोबर भाताचा तूस व वनस्पतिजन्य तंतू मिसळलेले आहेत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. उरलेले तीन प्रमुख गिलावे मात्र रासायनिक क्रियेने घट्ट होतात, आणि त्या तीन क्रिया परस्परांहून भिन्न आहेत.

पहिला चुन्याचा. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली म्हणजे तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन चुनकळी उरते. ती पाण्यात विरवली की विरलेला चुना तयार होतो. हा चुना भिंतीवर चढल्यानंतर हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे चुन्याचा गिलावा हवेने घट्ट होतो, पृष्ठभागापासून आत आत, महिनोन्महिने. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर आजही दिसणारे चुन्याचे घाणे याच द्रव्याची मळणी करण्यासाठी होते. वाळू, सुरखी म्हणजे विटांची पूड, क्वचित गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरडा यांची त्यात भर पडे. असा गिलावा किंचित लवचीक व सच्छिद्र असतो. भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडू शकते.

दुसरा सिमेंटचा. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडमध्ये घेतले. आजचे सिमेंट भट्टीत सुमारे १४५० अंशांवर तयार होते आणि पाण्याशी संयोग पावून कठीण होते. त्याला हवा नको, पाणी हवे. म्हणूनच सिमेंटच्या गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारावे लागते. आतील बाजूस साधारणतः १ भाग सिमेंट व ६ भाग वाळू या प्रमाणाचा, विटांच्या सरळ बाजूवर १२ मिलिमीटर आणि खडबडीत बाजूवर १५ मिलिमीटर जाडीचा थर देण्याची भारतातील रूढ पद्धत आहे. हा गिलावा कठीण व टिकाऊ. न्हाणीघर, स्वयंपाकघर व बाहेरील भिंत येथे त्याला पर्याय नाही. परंतु पाणी मारण्यात हयगय झाली किंवा सिमेंट प्रमाणाबाहेर घातले, तर बारीक तडे ठरलेले.

तिसरा जिप्समचा. जिप्सम हा खनिज पदार्थ म्हणजे जलयुक्त कॅल्शियम सल्फेट. त्याच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग स्फटिकांत बांधलेल्या पाण्याचा असतो. सुमारे १५० अंशांवर भाजल्यास त्यापैकी तीनचतुर्थांश पाणी उडून जाते व उरलेली पूड पाण्यात कालवताच ते पाणी परत घेऊन काही मिनिटांत दगडासारखी होते. म्हणजे जिप्सम आपल्या मूळ रूपात परत जातो. त्याला पाणी मारावे लागत नाही, तो आकसत नाही, आणि पृष्ठभाग इतका गुळगुळीत येतो की त्यावर वेगळी लांबी भरण्याची गरज फारशी उरत नाही. भट्टीचे तापमान कमी असल्याने इंधनही थोडे लागते. त्याचा दोष एकच, पण मोठा : तो पाण्यात थोडासा विरघळतो. एका लिटर पाण्यात २ ग्रॅमहून किंचित अधिक जिप्सम विरघळतो. हे प्रमाण इतके अल्प आहे की प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती तलावात दीर्घकाळ तशीच पडून राहते. परंतु भिजलेल्या जिप्समचे बळ मात्र निम्म्यावर येते. सतत ओल राहणाऱ्या भिंतीवर तो मऊ पडून भुसभुशीत होतो. न विरघळणे आणि न बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक गिलावा हवेने, दुसरा पाण्याच्या संयोगाने, तिसरा गेलेले पाणी परत मिळाल्याने घट्ट होतो, हे लक्षात ठेवले म्हणजे 'प्लास्टर' हे एकच नाव या तिन्हींना देणे किती अपुरे आहे ते कळून येते.

३. अमेरिकेतील स्थित्यंतर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची. उभ्या लाकडी दांड्यांमधील पोकळी झाकण्यासाठी तेथे एकोणिसाव्या शतकात व त्यानंतरही पुष्कळ काळ लाकडाच्या अरुंद चिपा थोडथोडे अंतर ठेवून आडव्या ठोकीत आणि त्यांवर चुन्याचा, पुढे जिप्समचा, गिलावा तीन थरांत देत. पहिल्या थराचा ओला गारा चिपांमधील फटींतून पलीकडे जाऊन आकड्यासारखा वळे व तेथेच घट्ट होई. या आकड्यांच्या आधाराने सारा गिलावा भिंतीला धरून राही. प्रत्येक थर सुकण्याची वाट पाहावी लागे, त्यामुळे कामाला कित्येक आठवडे लागत. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर हा कूडच होय. कारवीच्या जागी चिपा आणि शेणमातीच्या जागी चुना, एवढाच फरक.

ऑगस्टिन सॅकेट याने १८९४ साली कागद व जिप्सम यांचे थर एकावर एक देऊन केलेल्या फळीचे पेटंट घेतले. ही फळी आरंभी गिलाव्याखालचा आधार म्हणून, चिपांच्या ऐवजी, वापरावयाची होती. १९०२ साली स्थापन झालेल्या युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने १९०९ मध्ये सॅकेटचा उद्योग विकत घेतला, आणि १९१६-१७ च्या सुमारास मध्ये जिप्समचा एकच गाभा व दोन्ही बाजूंस कागद अशी फळी 'शीटरॉक' या नावाने बाजारात आणली. हे व्यापारनाम अमेरिकेत पुढे सामान्यनामासारखे बोलले जाऊ लागले.

तरीही लोकांनी ती लगेच स्वीकारली नाही. गिलावा हे चांगल्या घराचे लक्षण आणि फळी ही तात्पुरत्या बांधकामाची सोय, असा समज दृढ होता. दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. मनुष्यबळाचा तुटवडा, तातडीने उभारावयाची लष्करी वसाहत आणि १९४५ नंतरची घरांची प्रचंड मागणी यांपुढे आठवड्यांचे काम दिवसांत करणारी फळीच टिकली. फळीचा विजय झाला तो काळाच्या हिशेबावर. भिंत अधिक चांगली होते म्हणून नव्हे. या विजयाचे मोल म्हणून गिलाव्याच्या कारागिरांची एक मोठी परंपरा तेथे क्षीण झाली.

तेथे प्रश्न सम होता तो याच कारणाने. लाकडी सांगाडा दोन्ही पक्षी ठरलेलाच. त्यावर चिपा व गिलावा चढवावा की फळी ठोकावी, एवढीच निवड. दोन आच्छादनांची ती तुलना होती. अमेरिकेत जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आजही हाच प्रश्न याच रूपात येतो. त्यांच्या बाबतीत एक सूचना अवश्य केली पाहिजे : तेथे सांधे भरण्याच्या लेपांत ॲस्बेस्टॉस वापरण्याची पद्धत १९७७ च्या बंदीपूर्वी प्रचलित होती, व घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीची भिंत तपासून घेतल्यावाचून घासणे किंवा फोडणे धोक्याचे आहे.

४. महाराष्ट्रातील प्रश्नाचे खरे रूप

महाराष्ट्रातील आजच्या घराची रचना निराळी. काँक्रीटचा सांगाडा व त्यात विटांच्या किंवा हलक्या ठोकळ्यांच्या भिंती अशी ती असते. अशा घरात 'गिलावा की ड्रायवॉल' हा प्रश्न दोन स्वतंत्र प्रश्नांत विभागावा लागतो. भिंत बांधलेली असेल, तर तिच्यावर कोणता गिलावा द्यावा, हा पहिला. नवी दुभाजक भिंत घालावयाची असेल, तर ती विटांची असावी की फळ्यांची, हा दुसरा. बांधीव भिंतीवर आतून फळ्यांचे अस्तर लावणे ही तिसरी शक्यता आहे. तिचा विचार पुढे ओघाने येईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी ओलीवर अवलंबून आहे. कोरड्या राहणाऱ्या आतील भिंतींना व काँक्रीटच्या छताला जिप्समचा गिलावा उत्तम. न्हाणीघर, स्वयंपाकघरातील ओट्यामागची भिंत, आणि पावसाचा मारा सोसणाऱ्या बाहेरील भिंतीची आतली बाजू येथे तो टाळावा व सिमेंटचा द्यावा. कोकणपट्टीत पश्चिमेकडील भिंत चार महिने पाऊस झेलते. तिच्यात आत झिरपलेली ओल जिप्समच्या पांढऱ्या पृष्ठावर फुगवट्याच्या रूपाने उघडी पडते. दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. काँक्रीटचा गुळगुळीत पृष्ठभाग टोचून खडबडीत केल्याशिवाय किंवा त्यावर सांधणारे द्रव्य लावल्याशिवाय गिलावा देऊ नये. तसेच जिप्सम व सिमेंट एकत्र कालवू नयेत. ओलीच्या सान्निध्यात त्यांच्या संयोगाने फुगणारी स्फटिके तयार होतात आणि थर फुटतो. काँक्रीटचा खांब व विटांची भिंत जेथे मिळतात तेथे कोणताही गिलावा तडकतो; त्या सांध्यावर तारेची जाळी बसवणे हाच उपाय.

५. विटांची भिंत की फळीची

दुसऱ्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फळीची रचना पाहावी. मध्ये जिप्समचा गाभा, दोन्ही अंगांस जाड कागद, जाडी बहुधा १२.५ मिलिमीटर. जस्तलेपित पत्र्याच्या उभ्या-आडव्या पन्हळी जमिनीला व छताला पक्क्या करून त्यांवर दोन्ही बाजूंनी फळ्या स्क्रूने बसवतात. फळ्यांच्या कडा किंचित उतरत्या असतात. तेथे कागदी पट्टी चिकटवून सांधा लेपाने भरतात व घासून सपाट करतात. या फळ्यांसाठी भारतीय मानक २०९५ आहे, आणि गिलाव्याच्या जिप्समसाठी २५४७.

वजनाच्या बाबतीत फळीची सरशी निर्विवाद आहे. १ चौरस मीटर फळीचे वजन ८ ते ९ किलो; दोन्ही बाजूंस एकेक फळी असलेली भिंत सांगाड्यासह २५ किलोंच्या आत बसते. अर्ध्या विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, जेथे खाली तुळईचा आधार नाही अशा ठिकाणी, नवी खोली पाडावयाची असेल तर हा दहापटीचा फरक निर्णायक मानावा.

अग्नीच्या बाबतीतही फळीविषयीची भीती अनाठायी आहे. जिप्समच्या स्फटिकांत बांधलेले पाणी आगीच्या धगीने वाफ होऊन बाहेर पडते, आणि ते संपेपर्यंत भिंतीच्या पलीकडील बाजूचे तापमान १०० अंशांच्या आसपास रेंगाळते. १ चौरस मीटर फळीत असे दीड लिटरहून अधिक पाणी असते. 'कोरडी' म्हणविणाऱ्या भिंतीचे रक्षण अखेर तिच्या पोटातील पाणीच करते.

आवाजाच्या बाबतीत उत्तर इतके सरळ नाही. भिंत जितकी जड तितका आवाज कमी जातो, हा सामान्य नियम. म्हणून एकेरी फळ्यांची पोकळ भिंत बोलणे सहज पलीकडे पोचवते. 'भिंतीला कान असतात' या म्हणीचा प्रत्यय तेथे येतो. परंतु पोकळीत खनिज लोकर भरली, दोन्ही बाजूंस दुहेरी फळ्या लावल्या आणि कडेच्या फटी बुजविल्या, तर तीच भिंत विटांच्या भिंतीची बरोबरी करू शकते. दोष फळीचा नसून काटकसरीचा असतो. वर्गखोल्यांमधील दुभाजकांत ही काटकसर केली, तर एका वर्गाचे व्याख्यान दुसऱ्या वर्गालाही ऐकावे लागते.

भार टांगण्याच्या बाबतीत विटांची भिंत उदार आहे; कोठेही खिळा ठोकावा, ती तो सोसते. फळीच्या भिंतीवर पुस्तकांची मांडणी किंवा भांड्यांचे कपाट टांगावयाचे असल्यास त्या जागी आतून लाकडाचा अथवा पत्र्याचा आधार आधीच बसवावा लागतो. म्हणजे घरातील सामानाची योजना भिंतीच्या आधी ठरावी लागते. आपल्याकडील घरे मात्र हळूहळू, गरजेप्रमाणे भरत जातात. हा केवळ तांत्रिक नव्हे, राहणीचा प्रश्न आहे.

ओलीच्या बाबतीत फळी दुबळी ठरते. कागदाला बुरशी लागते, वाळवीलाही तो प्रिय, आणि पोकळीत उंदरांना आसरा मिळतो. ओल सोसणाऱ्या हिरव्या रंगाच्या फळ्या मिळतात. परंतु त्या दमट हवा सोसतात, वाहते पाणी नव्हे. बांधीव ओल्या भिंतीवर फळ्यांचे अस्तर लावून ओल झाकणे ही तर सर्वांत घातक पद्धत होय. ओल जाते कोठे? ती फळीच्या मागे राहते, दिसत नाही एवढेच, आणि वर्ष-दोन वर्षांनी बुरशीच्या रूपाने प्रकटते. अस्तर लावावयाचे ते ओलीचे मूळ कारण नाहीसे करून, भिंत पूर्ण सुकल्यानंतरच.

दुरुस्तीच्या बाबतीत दोन्हींचे गुण वेगळे. फळीतील वीजतारा बदलणे सोपे. भोक पडलेला तुकडा कापून नवा बसवता येतो, आणि भिंतच नको झाली तर ती एका दिवसात उतरवता येते. विटांच्या भिंतीत तार बदलावयाची तर ती फोडावी लागते, पुन्हा गिलावा करावा लागतो. परंतु गिलावा दुरुस्त करणारा गवंडी प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. फळीचा सांधा नीट भरणारा कारागीर अद्याप मोठ्या शहरांबाहेर विरळा. जी वस्तू जवळच्या माणसाला दुरुस्त करता येत नाही, ती स्वस्त असली तरी पुढे महाग पडते.

६. जुन्या घरांची स्वतंत्र बाब

पुण्या-नाशिकचे वाडे, मुंबईतील जुन्या इमारती, गोव्यातील जुनी घरे यांच्या भिंती चुन्याच्या व मातीच्या बांधणीच्या. या भिंती जमिनीतून व पावसातून ओल घेतात आणि सच्छिद्र गिलाव्यातून ती सोडून देतात. घेणे आणि सोडणे हाच त्यांच्या दीर्घायुष्याचा आधार. डागडुजी करताना जुना चुना खरवडून सिमेंटचा गिलावा दिला जातो. तो दिसावयास पक्का, परंतु मूळ भिंतीपेक्षा कितीतरी कठीण व बराच कमी सच्छिद्र. आत कोंडलेली ओल क्षार घेऊन विटांमध्येच फिरते. क्षारांचे स्फटिक विटा आतून फोडतात. काही पावसाळ्यांनंतर सिमेंटचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याच्याबरोबर विटांचा पृष्ठभागही निघून येतो. तेव्हा दोष जुन्या भिंतीला दिला जातो.

येथे निवडीचे तत्त्व स्पष्ट आहे : गिलावा भिंतीहून कठीण नसावा. झिजावयाचे असेल तर गिलाव्याने झिजावे, भिंतीने नव्हे. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा. त्याला वेळ लागतो व जाणता गवंडी शोधावा लागतो, ही त्याची किंमत. मात्र अशा वाड्यात नवा दुभाजक हवा असेल, तर तेथे फळीची भिंत विटांच्या भिंतीहून सरस ठरते. ती हलकी आहे, लाकडी पाटाईवर भार टाकत नाही आणि मूळ वास्तूला इजा न करता पुढे काढता येते. सर्वांत जुन्या घरात सर्वांत नवी भिंत योग्य ठरावी, हा विरोधाभास केवळ दिसण्याचा आहे. कुडाच्या भिंती माडीवर याच कारणाने घालीत असत.

७. परिभाषा आणि व्यवहार

या विवेचनाचा भाषेच्या दृष्टीने निष्कर्ष काय? द्रव्य, थर आणि रचना यांना वेगळी नावे नसली म्हणजे चुकीची वस्तू चुकीच्या जागी जाते. 'आत पीओपी करणे' एवढेच लिहिलेल्या कागदावर घरमालक व कंत्राटदार यांची सही झाली, तर पुढील वादाचा निवाडा भाषेच्या आधारे होऊच शकत नाही. यास्तव व्यवहारात निदान चार नावे काटेकोरपणे वापरावीत : चुन्याचा गिलावा, सिमेंटचा गिलावा, जिप्समचा गिलावा आणि जिप्समफळी. फळ्या व सांगाडा मिळून होणाऱ्या रचनेसाठी 'फळीकूड' हा शब्द सुचविता येईल. 'कोरडी भिंत' या भाषांतराने होणारा ओलीविषयीचा गैरसमज त्याने टळतो, गडग्याशी गल्लत होत नाही, आणि सांगाड्यावर आच्छादन ही कल्पना मराठीला परकी नाही याची आठवणही राहते. बोलीत तो रुळेल की नाही हे कारागीर ठरवतील. शब्द कोशात जन्मतात त्यापेक्षा कामाच्या जागी अधिक जगतात. परंतु करारपत्रात व अंदाजपत्रकात द्रव्याचे नाव, थराची जाडी आणि लागू होणारे मानक यांचा उल्लेख करण्यासाठी कोणत्याही नव्या शब्दाची वाट पाहावयास नको.

सारांश, बांधीव व कोरड्या भिंतीला जिप्समचा गिलावा, ओल्या जागी सिमेंटचा, चुन्याच्या जुन्या भिंतीला चुन्याचा; आणि जेथे भार हलका हवा, काम लवकर हवे व भिंत पुढेमागे हलविण्याची शक्यता आहे अशा कोरड्या जागी फळीकूड. चारांपैकी कोणतेही निरपवाद श्रेष्ठ नाही. भिंत कशाची आहे, तिच्यात ओल कोठून येते, आणि ती दुरुस्त करणारा माणूस कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवली, तर गिलावा की फळी हा चौथा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो.